वडिलांना रोजच्या गोळ्यांची आठवण राहत नाही, कोणतं ॲप चांगलं?

ॲपचं नाव मी सांगणार नाही. आमच्याकडे सगळा घोळ ॲपनेच घातला.

माझे सासरे, अण्णा, नाशिकच्या इंदिरानगरला आमच्याजवळ राहतात. शुगर आहे, नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड, म्हणजे शुगर उतरवणारी गोळी, असते. पुण्याच्या मोठ्या दिरांनी दिवाळीत येऊन त्यांच्या मोबाईलवर ॲप टाकून दिलं. अण्णांनी 'घेतली' दाबलं की तिकडे पुण्यात हिरवं, नाहीतर लाल. मी तेव्हाच म्हटलं, अण्णा गोळी विसरत नाहीत, बटण दाबायला विसरतील. मला नव्या गोष्टींचं वावडंच आहे, असं ऐकून घ्यावं लागलं.

पुढे एका रविवारी साडेसातला अण्णांनी गोळी घेतली, मी समोरच होते. मी अंघोळीला गेले आणि पुण्याहून फोन आला, "अण्णा, लाल दिसतंय, आधी गोळी घ्या." लेकाचा शब्द! घेतली दुसरी, आणि निघाले मित्रांबरोबर मिसळीला. रविवारी नाशकात मिसळ म्हणजे नंबर लावून ताटकळणं आलंच. तासाभराने मित्रांचा फोन. जाऊन बघते तर अण्णा प्लॅस्टिकच्या खुर्चीत, ऐन थंडीत शर्ट पाठीला चिकटलेला, नंबराची चिठ्ठी बोटांत थरथरतेय. मलाच विचारतात, "आपला नंबर आला का गं?" शेजारच्या चहावाल्याकडून साखर घेतली, चार चमचे पाण्यात ढवळून पाजली. दवाखान्यात शुगर मोजली तेव्हा 58, म्हणजे फारच उतरलेली. संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, कारण या गोळीचा असर लांबतो, चढवलेली शुगर पुन्हा उतरू शकते.

गोळी घ्यायची आठवण कोणीही करून देतं हो. घेतली की नाही, हे नंतर कळायला हवं. आता मी नवी स्ट्रिप आली की प्रत्येक गोळीमागच्या चंदेरी कागदावर बारीक मार्करने तारीख घालते. आजच्या तारखेचं घर फुटलेलं असेल तर घेतली, विषय संपला. सासूबाईंची थायरॉइडची गोळी बाटलीतली, तिथे हे चालत नाही. त्यांची खूण कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी. ती उठल्याउठल्या उपाशीपोटी घेतात आणि चहा तासाभराने, त्यामुळे चहा मागितला की मी आधी कॅलेंडर बघते.

तारीख घालताना एक्स्पायरी झाकू नका. राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी जोडीने घ्यायची नाही, काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. आणि वडिलांना खरंच विसरायला होत असेल, म्हणजे जेवलेलंही आठवत नसेल, तर माझी युक्ती कामाची नाही. गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा आणि हातात द्या.

दिरांचा फोन अजूनही रोज येतो. 'घेतली का' बंद झालंय, आता व्हिडिओवर "स्ट्रिप दाखवा" म्हणतात. ॲप मात्र काढलेलं नाही. नवीन अपडेट चांगलं आलंय म्हणे.