वाचकांचे प्रश्न : व्हीलचेअर बास्केटबॉल

प्रश्न : मुलीला १.५ क्लास मिळाला आहे. गुण तर सगळे ४.५ वाल्याच करतात. तिने राष्ट्रीय संघाची आशा धरावी का?

जरूर धरावी. क्लास म्हणजे शरीराच्या क्षमतेनुसार खेळाडूला दिलेला आकडा. तो १.० ते ४.५ असतो, धडावर ताबा जितका जास्त, तितका आकडा मोठा. मैदानावरच्या पाचजणींच्या क्लासची बेरीज १४ च्या वर चालत नाही. दोन ४.५ उतरवल्या की ९ संपले, उरलेल्या तिघींना मिळून ५. म्हणजे भरवशाच्या १ आणि १.५ वाल्या नसतील, तर त्या दोघींना एकत्र खेळवताच येत नाही.

तिचं काम गुणफलकावर दिसत नाही, एवढंच. चेंडू आपल्याकडे आला रे आला, की समोरच्या उंच खेळाडूच्या पुढ्यात खुर्ची आडवी लावायची आणि तिला वळायला जागाच ठेवायची नाही. ती मागे अडकली, की पुढे पाच विरुद्ध चार. उशीर झाला, ती वेगात असताना ऐनवेळी आडवं गेलं, तर फाउल आपल्यावर. म्हणून तिच्याकडून आधी सुरुवातीचे तीन पुश (चाकांना हाताने दिलेले रेटे) आणि जागच्या जागी वळणं घोटून घ्या. शूटिंगला नंतरही वेळ आहे.

प्रश्न : थ्रो रिंगपर्यंत पोहोचतच नाही. हात कमजोर आहेत का?

आधी खेळाडूला खुर्चीला बांधणारा पट्टा बघा. रिंग इथेही ३.०५ मीटरवरच असते आणि पायांचा जोर मिळत नाही. पट्टा ढिला असला की फेकताना कंबर मागे सरकते आणि अर्धा जोर तिथेच जिरतो. पट्टा पोटावर नको, मांड्या जिथे कमरेला मिळतात तिथे घट्ट हवा. मग सीट. ३.० पर्यंतच्या क्लासला उशीसकट ६३ सेंटिमीटर उंची चालते, त्यापुढे ५८. पण मिळते म्हणून सगळी उंची घेऊ नका. धडावर ताबा कमी असेल तर सीटची मागची बाजू खाली आणि गुडघे थोडे वर ठेवावे लागतात, नाहीतर चेंडू उचलताच तोल जातो.

प्रश्न : मी रोज चालते. तरी खेळता येईल?

पायाला कायमचा, निकषात बसणारा दोष असेल तर येईल. मात्र कागदपत्रं पक्की ठेवा. २०२० मध्ये पॅरालिंपिकच्या निकषांनी फेरतपासणी झाली, तेव्हा वर्षानुवर्षं खेळलेले काही खेळाडूही अपात्र ठरले.

प्रश्न : सरावानंतर खांदा ठणकतो.

टायरची हवा तपासा. कमी हवेची किंमत प्रत्येक पुशला खांदा मोजतो. मग चाकं. ती वर आत झुकलेली असतात, त्यामुळे खुर्ची जरा पुढे-मागे कलली तरी त्यांची दिशा बिघडते. आसाच्या उंचीवर दोन चाकांमधलं अंतर पुढून मोजा, मागून मोजा. काही मिलिमीटरचा फरकही ब्रेक लावल्यासारखा ओढतो. व्यायामात ढकलण्यापेक्षा ओढण्याचे प्रकार जास्त ठेवा, कारण ढकलणं दिवसभर होतच असतं. रात्री झोपमोड होण्याइतकं दुखत असेल तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.