अंधारात गेल्यावर थोड्या वेळाने दिसायला लागतं, ते डोळ्यातली बाहुली मोठी होते म्हणून का?

तुम्ही विचारलंय की बाहुली तर काही सेकंदांत मोठी होते, मग अंधाराची सवय व्हायला अर्धा तास का लागतो. शंका रास्त आहे. बाहुलीला फुकटचं श्रेय मिळतं.

मी पलूस तालुक्यातला. आमच्याकडे शेतीची लाईट काही दिवस रात्रीची असते, म्हणजे उसात दारं धरायला (पाणी पाजायला) रात्रीच जायचं. लहानपणी मी बॅटरी सगळीकडे फिरवत चालायचो आणि आबा खेकसायचे, "बंद कर ती! अंधार कळू दे की डोळ्याला." ते डोळ्याचं खरं काम सांगत होते, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

आधी बाहुलीचा हिशोब. कडक उन्हात ती साधारण 2 मिलिमीटर असते, अंधारात तरुण माणसाची 7-8 पर्यंत जाते. म्हणजे प्रकाश फार तर 12 ते 16 पट जास्त आत येणार. भर दुपार आणि चंद्र नसलेली, नुसत्या चांदण्यांची रात्र यांच्या उजेडात फरक आहे कोट्यवधी पटींचा! उरलेली सगळी कसर दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, भरून काढतं. (पारपटल आणि भिंग मिळून त्यावर उलटी प्रतिमा पाडतात, ते दहावीत झालंय, इथे उगाळत नाही.)

दृष्टिपटलावर दोन जातींच्या पेशी असतात. शंक्वाकार पेशी 50-60 लाख, त्या रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडाकार पेशी कोट्यवधी, रंगांच्या बाबतीत ठार आंधळ्या, पण प्रकाशाचा एक कणसुद्धा टिपू शकतात. त्यांच्यात ऱ्होडोप्सिन नावाचं द्रव्य असतं. त्यात अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक वाकडा रेणू बसवलेला असतो. प्रकाश पडला की तो सरळ होतो. दिसण्याची सुरुवात एवढ्याशा हालचालीतून होते. गंमत म्हणजे या पेशी अंधारात पुढच्या पेशींना सतत निरोप धाडत असतात आणि प्रकाश पडला की थांबतात. ते थांबणं मज्जातंतूवाटे मेंदूपर्यंत पोचतं.

आता सरळ झालेला रेणू पुन्हा वाकवून जागेवर बसवल्याशिवाय उपयोगाचा नाही. लख्ख उजेडात यातलं बहुतेक द्रव्य खर्च झालेलं असतं. शंक्वाकार पेशींची भरपाई दहाएक मिनिटांत होते, दंडाकार पेशींना 20-30 मिनिटं, कधी जास्तही लागतात. तुमचा अर्धा तास तो हा. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर कच्चा मालच नसतो, म्हणून रातांधळेपणा येतो. तुम्हाला तासाभरानेही दिसत नसेल तर मात्र इथे विचारत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

पडताळा घ्यायचा तर अंधुक चांदणीकडे थेट बघा, गायब होते; जरा बाजूला बघितलं की परत दिसते. नजरेच्या ऐन मध्यावर दंडाकार पेशी नसतातच.

आबांची अजून एक सवय होती. रस्त्यावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की ते एक डोळा गच्च मिटून घ्यायचे आणि तो गेल्यावर उघडायचे. दोन्ही डोळ्यांचं हे रसायन वेगवेगळं चालतं, त्यामुळे मिटलेल्या डोळ्यातला साठा शाबूत राहतो. मी पण आता तेच करतो. बॅटरी मात्र सोडलेली नाही, उसात घोणस असते. फक्त तिचं तोंड पायाशी धरतो.