पोरीच्या कोरड्या तासांना पाणी देऊ नका

प्रश्न : वाशीम जिल्ह्यात आमची सहा एकर कोरडवाहू. खरिपात सोयाबीन-तूर, मागून हरभरा. मुलगी अकरावी सायन्सला आहे. पाण्याचा ताण सोसणारी वाणं कशी तपासतात ते एका शिवारफेरीत तिनं पाहिलं, तेव्हापासून 'मी हेच करणार' म्हणते. वावरातून सुटावी म्हणून शिकवतोय, तर ती परत वावरातच चालली. यात नोकरी आहे का?
— एक कास्तकार

भाऊ, नोकरीचं सांगतोच, पण आधी काम काय असतं ते ऐका. 'संशोधन' शब्दावर भाळलेली पोरं पुढं कंटाळलेली मी पाहिली आहेत.

भर दुपारी हरभऱ्याची पानं तोडायची आणि सुकायच्या आत त्यांचं वजन करायचं. मग ती डिस्टिल्ड पाण्यात चारेक तास ठेवायची, टिपकागदानं पुसून पुन्हा वजन. मग ओव्हनमध्ये ७० अंशांवर दोन-तीन दिवस सुकवून तिसरं वजन. या तीन आकड्यांवरून निघतं, की ऐन तहानेत पानानं किती पाणी धरून ठेवलं होतं. हे झालं एका प्लॉटचं. असे प्लॉट ढिगानं असतात.

त्यातही फसायला होतं. एखादं वाण जमिनीतली ओल संपायच्या आत घाटे भरून मोकळं होतं. ते पळून वाचलं. दुसरं खोल मूळ घालून खालची ओल ओढतं. ते टिकून वाचलं. वरून दोघं सारखीच दिसतात. शेवटपर्यंत हिरवंगार राहिलेलं झाड दाण्यात मार खातं, असंही होतं. म्हणून हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत उंच पीव्हीसी पाइपात माती भरून हरभरा वाढवतात आणि माती धुऊन मुळं मोजतात. आयसीसी ४९५८ हे वाण जोमदार, खोल मुळांसाठी नावाजलेलं. त्याचा तो गुण पुसा ३७२ या वाणात उतरवून पुसा १०२१६ हे नवं वाण तयार झालं. तुमच्याकडं पेरला जाणारा जाकी ९२१८ हासुद्धा अकोल्याच्या विद्यापीठानं इक्रिसॅटसोबत मिळून केलेला. तिला करायचं आहे ते हे काम.

रस्ता लांब आहे. बारावी, एमएचटी-सीईटी, चार वर्षं बीएस्सी कृषी, मग दोन वर्षं एमएस्सी. आपल्या विद्यापीठांत वाण पैदास आणि पीक शरीरक्रिया हे विषय बहुधा 'कृषी वनस्पतिशास्त्र' विभागात असतात. नावावरून फुलं-पानं ओळखण्याचा विषय वाटतो, तसा तो नाही. शास्त्रज्ञ व्हायचं तर पीएचडी धरूनच चाला. एमएस्सीनंतर प्रकल्पांवरच्या जागा निघतात, पण त्या कंत्राटी. प्रकल्प संपला की जागा संपली. बियाणे कंपन्यांत ट्रायल सांभाळायला माणसं लागतात, फिरती भरपूर. महाबीजचं मुख्यालय तर अकोल्यातच आहे. बारामतीला दुष्काळ, क्षार, उष्णता अशा ताणांवर काम करणारी केंद्राची स्वतंत्र संस्था आहे. थोडक्यात, नोकरी आहे, पण पंचविशीत पक्की होईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. घरची ओढाताण असेल तर हे तिच्याशी आत्ताच मोकळं बोला.

तिचा पिंड या कामाचा आहे का, हे मात्र याच रब्बीत कळेल, फुकटात. सोयाबीन निघालं की हरभऱ्याची तीन वाणं घ्या, प्रत्येकाचे चार-चार तास, म्हणजे पेरणीच्या ओळी. फुलोऱ्याच्या सुरुवातीला अर्ध्या भागाला एक हलकं पाणी; वावर कोरडवाहू आहे, तर तेवढ्यापुरतं शेजाऱ्याकडून मागून घ्या. जास्त नको, काळ्या जमिनीत पीक उभळतं, म्हणजे वाळायला लागतं. उरलेला अर्धा कोरडा, मधे चार तासांची मोकळी जागा. हेच सगळं वावरात तीन ठिकाणी करायला लावा, वाणांचा क्रम बदलून. कारण धुऱ्याकडच्या खोलगट भागात ओल जास्त टिकते आणि जागेचं श्रेय उगाच वाणाला जातं. फुलं कधी आली, पाच झाडांवर घाटे किती, शंभर दाण्यांचं वजन किती, हे सगळं वहीत तारखेनिशी. घाटेअळीनं खाल्लेले घाटे वेगळे मोजायचे. जानेवारीतही ती वही रोजच्या रोज भरत असेल, तर पुढचं बोलू.

तुमच्याकडून एवढंच हवं. डिसेंबरअखेर कोरडे तास माना टाकतील, मोटर शेजारीच असेल, तुमचा हात शिवशिवेल. रात्री गुपचूप पाणी सोडू नका. तिला वहीत पाहून लगेच कळेल.