मेलं की पुन्हा पहिल्यापासून, तरी लोक डेड सेल्स वर्षानुवर्षं का खेळतात?

तुमचा प्रश्न मला पटला. तुम्ही म्हणता, तासभर खेळायचं, एका फटक्यात मरायचं आणि परत त्याच कोठडीतून सुरुवात करायची, याला करमणूक कसं म्हणायचं? आणि डेड सेल्स हा 2018 चा व्हिडिओ गेम लोक अजून का धरून बसलेत?

माझ्या मते हा गेम हावेवर बेतलेला आहे. चपळाई लागते, पण बोटं काही दिवसांत वळतात. हाव मात्र आवरत नाही, आणि बहुतेक वेळा आपण मरतो ते तिच्यापायीच.

हिशेब बघा. शत्रू मारले की त्यांच्यातून सेल्स नावाचे निळे गोळे मिळतात, पण ते लगेच तुमचे होत नाहीत. टप्पा पार केला की कलेक्टर नावाचा इसम भेटतो. त्याच्याकडे जमा केले तर त्यातून कायमचं काही पदरात पडतं, म्हणजे औषधाची जादा कुपी, नवी हत्यारं वगैरे. त्याच्यापर्यंत पोचायच्या आत मेलात तर सगळे गेले. एखाद्या हत्याराचं ब्लूप्रिंट, म्हणजे आराखडा, सापडलं तर त्याचीही तीच गत. आता दरवाजा समोर आहे, गाठीला भरपूर सेल्स आहेत, जीव निम्म्यावर आलाय, आणि नकाशाचा एक कोपरा बघायचा राहिलाय. जाणार का? शहाणा माणूस दरवाजातून निघून जाईल. मी आजवर फार थोड्या वेळा गेलोय.

याहून जहाल म्हणजे शापित पेटी. ती उघडली की चांगलं हत्यार मिळतं, ताकद वाढवणारा स्क्रोल मिळतो, सोनं मिळतं, आणि वर शाप. 10 शत्रू मारेपर्यंत तुम्हाला एकही फटका बसता कामा नये. जीव कितीही शिल्लक असो, बसला की खेळ खलास.

आमच्याकडे लष्करात (ग्वाल्हेरमधला लष्कर भाग, फौज नव्हे) उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा येतो. दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नसते, म्हणून आम्ही आळीपाळीने खेळतो. जो मेला त्याने कंट्रोलर दुसऱ्याला द्यायचा. आई तिथेच भाजी निवडत बसलेली असते. तिला या गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण भाचा त्या पेटीपुढे घुटमळायला लागला की ती मान वर न करता म्हणते, “घेणार बघ हा. घेणार आणि मरणार.” तो घेतो. मग त्याचं खेळणंच बदलतं. एरवी धावत सुटणारा पोरगा एकेक पाऊल टाकतो, ढाल पुढे धरतो, लांबून बाण मारतो. सात-आठ मारून होतात, आता सुटलोच असं त्याला वाटतं, आणि नेमका वरच्या फळीवरून कुणीतरी बाण सोडतो. आई हसतही नाही. “हातचं सोडून पळत्याच्या पाठी,” एवढं बोलून गवारीच्या शेंगा मोडत राहते.

पण नुसती हाव लावून लोक इतकी वर्षं टिकले नसते. अन्यायाने मारलं असं वाटलं की माणूस गेम काढून टाकतो, आणि इथे तसं सहसा वाटत नाही. शत्रू वार करायच्या आधी त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह येतं. तेवढ्या क्षणात कोलांटी मारून निसटता येतं, किंवा ढालीने वार परतवता येतो. फटका बसलाच तर गेलेला जीव काही क्षण नारिंगी पट्टीत दिसत राहतो; तेवढ्यात उलटून मारलंत तर त्यातला बराचसा परत मिळतो. म्हणजे घाबरून मागे सरणारा जास्त मरतो आणि पुढे घुसणारा वाचतो. फळीच्या कडेवरून उडी मारायला किंचित उशीर झाला तरी गेम ती उडी धरतो, हे तर आपल्या लक्षातही येत नाही. वरून निर्दयी दिसणारा हा गेम आतून बराच कनवाळू आहे.

“दरवेळी नवीन नकाशा” हे कारण सगळेच सांगतात, ते मला अर्धंच पटतं. नकाशा वाटेल तसा बनत नाही. कुठल्या टप्प्याची लांबी किती, बाहेर पडायच्या वाटा किती, दुकान साधारण कुठे, हा सांगाडा ठरलेला असतो. आतल्या खोल्याही माणसांनी हाताने रचलेल्या आहेत. संगणक त्यातल्या निवडून जोडतो फक्त. ख्यालाच्या गावात राहतो म्हणून सुचतं, पण हे बंदिशीसारखं आहे: राग तोच, बोल तेच, तरी आजची बैठक कालची नसते. गटाराच्या टप्प्याचं वळण एकदा अंगवळणी पडलं की ते पुढच्या वेळीही कामी येतं.

खरं वैविध्य मला हत्यारांत वाटतं. नटक्रॅकर घ्या. एरवी हा एक जड, संथ सोटा. पण शत्रू गोठलेला किंवा बधिर झालेला असेल तर त्याचा फटका कितीतरी जबर बसतो. म्हणजे जोडीला गोठवणारं काही मिळालं तर हे रत्न, नाहीतर ओझं. आज काय मिळेल ते आधी कळत नाही, म्हणून मिळालं त्यात जुळवून घ्यायचं. लाल, जांभळे, हिरवे असे तीन रंगांचे स्क्रोल असतात, आणि रंगागणिक वेगळ्या जातीची हत्यारं बळावतात. तिन्ही थोडे थोडे घेत बसलात तर कशातच दम राहत नाही. तिथेही पुन्हा हावच.

बनवणारी मंडळीही वेगळीच. फ्रान्समधल्या बोर्दोची मोशन ट्विन ही कामगारांची सहकारी संस्था. मालक कुणी नाही, पगार सगळ्यांना सारखा. 2017 मध्ये त्यांनी अर्धवट गेम विकायला काढला, खेळणाऱ्यांचं ऐकून सुधारला आणि ऑगस्ट 2018 मध्ये पुरा केला. त्यानंतर ऑगस्ट 2024 पर्यंत त्यात भर पडत राहिली. शेवटच्या बॉसला (म्हणजे बड्या शत्रूला) हरवलं की एक बॉस सेल मिळतो आणि काठिण्याची पुढची पायरी उघडते. अशा 5 पायऱ्या. वर जावं तसे शत्रू क्रूर होतात आणि कुपी भरून मिळायच्या जागा कमी होत जातात. माझ्यासारखे पुष्कळजण तिसऱ्या-चौथ्या पायरीवर मुक्काम ठोकून आहेत आणि सुखी आहेत.

दोषही सांगतो. गोष्ट म्हणून यात फारसं काही नाही. भिंतीवरची पत्रं आणि चार विनोद, बस्स. कथेसाठी खेळत असाल तर हा सोडाच. फोनवरही आहे, पण काचेवर बोटं घासत कोलांट्या मारणं मला जमत नाही. स्वस्तातला का होईना, कंट्रोलर जोडा.

तुम्ही लवकर मरताय म्हणून एक सुचवतो. सुरुवातीला धनुष्य आणि ढाल यांतलं एक निवडता येतं, तिथे ढाल घ्या. पहिल्या टप्प्यानंतर 2 मिनिटांच्या आत पोचणाऱ्यांसाठी एक दरवाजा असतो, त्याच्याकडे सध्या बघूही नका. सावकाश सगळं धुंडाळा, स्क्रोल गोळा करा. 2022 मध्ये असिस्ट मोड, म्हणजे खेळ सोपा करून घ्यायचा पर्याय, आला आहे. त्यात सापळ्यांचा मार कमी करता येतो, मेल्यावर त्याच टप्प्यातून पुढे खेळायची सोयही आहे. खुशाल वापरा, भाच्याने पहिला बॉस तसाच मारला. शापित पेटीबद्दल मात्र मी काही सांगणार नाही, कारण सांगितलं तरी तुम्ही ती उघडणारच.