कुत्रं चावल्यावर लस चालते, मग लक्षणं दिसल्यावर का चालत नाही?

तुमच्या भाच्याच्या पोटरीला आठ दिवसांपूर्वी गल्लीतलं कुत्रं चावलं, जखम सुकत आलीय, पोरगा हुंदडतोय. आता लस घेऊन उपयोग आहे का, असं तुम्ही विचारलंय. हो, आहे. आजच न्या. उशीर झाला तरी लस देतात. बाकीचं उत्तर परत आल्यावर वाचलंत तरी चालेल.

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे, कुत्रं चावलेली माणसं रोज बघते. 'पोरगं तर ठणठणीत आहे' हे वाक्य मला सगळ्यात जास्त घाबरवतं. कारण रेबीजमध्ये ठणठणीत असण्याचे दिवस हेच विषाणूच्या प्रवासाचे दिवस असतात.

रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो. माणसाच्या पेशीत वीसेक हजार जनुकं, याच्याकडे फक्त ५. स्वतःच्या बळावर तो एक प्रथिनसुद्धा बनवू शकत नाही. त्याच्याकडे असते ती फक्त कृती. चूल, भांडी, सरपण सगळं आपल्या पेशीचं.

कुत्र्याच्या लाळेतून तो पोटरीच्या स्नायूत उतरतो. तिथे बरेच दिवस रेंगाळूही शकतो. स्नायू आकसावा म्हणून मज्जातंतू जिथे त्याला निरोप देतो, नेमक्या त्या सांध्यावर विषाणूचे काटे चिकटतात आणि मज्जातंतू स्वतःच त्याला आत ओढून घेतो. या तंतूची मूळ पेशी पार वर, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत असते. तंतूतून त्या पेशीकडे माल वाहून नेणारी यंत्रणा सतत चालू असते. विषाणू त्यावरच बसून दिवसाला काही सेंटीमीटर वर सरकतो. म्हणून चेहऱ्याला किंवा मानेला चावलं तर आजार लवकर येतो आणि पायाला चावलं तर बहुधा उशिरा. साधारण दोन-तीन महिने लागतात. कधी आठवडाभर, कधी वर्षही.

मूळ पेशीत पोचल्यावर खरं काम सुरू होतं. विषाणूची कृती छापखान्यातल्या खिळ्यासारखी उलटी असते, पेशीला ती वाचताच येत नाही. म्हणून तो नक्कल करणारं प्रथिन सोबत घेऊनच येतो. ते त्या कृतीच्या सुलट प्रती काढतं, आणि पेशी आपलंच काम समजून त्यावरून विषाणूची प्रथिनं रांधत बसते. या कारखान्यांचे ठिपके इटलीच्या अडेल्ची नेग्री यांनी १९०३ मध्ये मेंदूच्या पेशींत पाहिले होते. ते ठिपके म्हणजे विषाणू तयार होण्याची जागा, हे मात्र फार नंतर कळलं.

बरेच विषाणू पेशी फोडून बाहेर पडतात. हा तसं करत नाही. पेशी जिवंत ठेवून तिच्यातून शेजारच्या पेशीत सरकतो. रेबीजनं गेलेल्या माणसाचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर इतक्या भयंकर आजाराच्या मानानं मोडतोड फार कमी दिसते. पेशी जागेवर असतात, त्यांचं आपसातलं बोलणं बिघडलेलं असतं. मेंदूतून तो पुन्हा खाली लाळग्रंथींत उतरतो आणि लाळेत मिसळतो.

असा रुग्ण मी एकदाच पाहिलाय. तहानेनं व्याकूळ होता. पेला हातात घेतला, ओठांजवळ नेला, आणि पाणी लागायच्या आतच गळा आवळून आला, मान मागे गेली. दोन महिन्यांपूर्वी घोट्याला पिल्लू चावलं होतं आणि त्यानं हळद लावली होती.

तर लस तेव्हा का चालत नाही? लस अँटिबॉडी तयार करायला शिकवते आणि त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. अँटिबॉडी विषाणूला पकडतात तो मज्जातंतूच्या बाहेर असताना. लक्षणं दिसतात तेव्हा तो मेंदूभर पसरलेला असतो, आणि रक्तातल्या अँटिबॉडींना मेंदूत सहजासहजी शिरता येत नाही. म्हणजे लस तीच असते, फक्त तिला द्यायला वेळ उरलेला नसतो.

जखम धुण्याचंही हेच. एकदा एक बाप आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आला, जखमेत तिखट आणि चुना भरलेला. मी मुलाला नळाखाली धरलं आणि साबण लावून पंधरा मिनिटं धुतलं. लाल पाणी वाहत होतं, मूल ओरडत होतं, बाप म्हणाला, "सिस्टर, नुसत्या साबणानं काय होणार?" खूप होतं. या विषाणूचं बाहेरचं वेष्टण चरबीचं असतं. साबणानं ते फाटलं की त्याला पेशीत शिरताच येत नाही. मूल बरं आहे, शाळेत जातं.

भाच्याला दंडात, कातडीत टोचून लस देत असतील तर पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ असे दिवस येतील. तिसऱ्या खेपेनंतर पुष्कळ जण येत नाहीत, तुम्ही २८वा चुकवू नका. कुत्रं अजून गल्लीत दिसतंय का, हे बघून ठेवा, पण त्यासाठी लस थांबवू नका. आणि चावलं तेव्हा रक्त आलं होतं का, हे डॉक्टरांना न विसरता सांगा. आलं असेल तर लसीबरोबर तयार अँटिबॉडीचं, इम्युनोग्लोब्युलिनचं, इंजेक्शन जखमेतच द्यावं लागतं, आणि ते लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आतच देतात.