यूकेत आपला रेडिओ लागतो का? जरा लांबलेलं उत्तर

तुम्ही विचारलंय की दोन महिन्यांनी यूकेला शिफ्ट होताय, घरात सकाळपासून रेडिओ चालू असायची सवय आहे, मुलगी सहा वर्षांची आहे, तर तिकडे नेटवरून आपली स्टेशन्स लागतात का. व्हिसा, हेल्थ सरचार्ज, बँक खातं याबद्दल मी काही लिहीत नाही, ते सगळं नेटवर सहज मिळतं. रेडिओचं मात्र कोणी सांगत नाही, आणि तुमचा प्रश्न वाचल्यापासून तो माझ्या डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले.

काही लागतात, काही नाही लागत, आणि आज लागलेलं उद्या लागेलच याची खात्री नाही. यात नेटच्या स्पीडचा काही संबंध नाही, सगळा प्रश्न गाण्यांच्या हक्कांचा आहे.

एका गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात, एक गीतकार-संगीतकाराचा आणि दुसरा त्या रेकॉर्डिंगचा. यूकेत पहिल्याचे पैसे पीआरएस नावाची संस्था गोळा करते, दुसऱ्याचे पीपीएल. आणि हे लायसन्स साधारण त्या त्या देशापुरतं असतं. एफएमचं सोपं होतं, टॉवरची रेंज संपली की विषय संपला. स्ट्रीमला रेंजच नाही, त्यामुळे स्टेशनने आपल्या देशात सगळे पैसे भरले असले तरी मी इथे बसून ते लावलं की इथले हक्कवाले विचारणार, आमचं काय?

2019 मध्ये नेमकं हेच इथल्या हायकोर्टात झालं. वॉर्नर आणि सोनी या संगीत कंपन्यांनी ट्यूनइन या रेडिओ अ‍ॅपवर केस केली होती. ट्यूनइनचं म्हणणं, आम्ही गाणी वाजवत नाही, जगभरच्या स्टेशनांच्या लिंका फक्त एका जागी देतो. कोर्टाने ते ऐकलं नाही. यूकेतल्या श्रोत्यांसमोर इथलं लायसन्स नसलेली परदेशी स्टेशन्स मांडणं हाच हक्कभंग ठरला, आणि 2021 मध्ये अपील कोर्टानेही मुख्य निकाल कायम ठेवला. त्याआधीच, 2020 च्या सप्टेंबरात, ट्यूनइनने यूकेतल्या लोकांसाठी परदेशी स्टेशन्स बंद केली होती. 2022 मध्ये रेडिओ गार्डननेही तेच केलं, तो पृथ्वीचा गोल फिरवून स्टेशन लावायचं अ‍ॅप, इथून उघडलं तर यूकेपुरतंच वाजायला लागलं.

बरं, स्टेशनांनी प्रत्येक देशाचे पैसे भरावेत म्हटलं तर ते झेपणारं नाही. अमेरिकेत नेट रेडिओला रेकॉर्डिंगसाठी दर गाण्यामागे, दर श्रोत्यामागे पैसे मोजावे लागतात. 2021 चा फुकट ऐकायच्या रेडिओचा दर 0.0021 डॉलर होता. वाचायला काहीच नाही, पण हजार लोक ऐकतायत आणि तासाला पंधरा गाणी वाजतायत असं धरा, तासाला साडेएकतीस डॉलर, दिवसाला 756. श्रोते वाढले की बिल वाढतं, म्हणजे लोकांना आवडणं हेच महाग पडतं. तिथल्या साध्या एफएमला मात्र रेकॉर्डिंगचा हा पैसा लागतच नाही, हे मला आजही पटत नाही. दहा श्रोत्यांसाठी दुसऱ्या देशाचं लायसन्स कोण घेणार, त्यापेक्षा तो देश ब्लॉक करणं सोपं. पँडोरा या अमेरिकन नेट रेडिओने 2007 मध्येच अमेरिकेबाहेरच्या बहुतेक देशांना बंद केलं होतं. गाणाऱ्याला पैसे मिळायलाच हवेत, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण मी इथे पैसे भरून ऐकायला तयार असले तरी ते घ्यायला कोणी खिडकीच उघडलेली नाही, हा माझा राग आहे.

आता मुलीचं, कारण रेडिओ मला नुसत्या गाण्यांसाठी नको होता. आम्ही 2018 ला आलो तेव्हा माझा मुलगा पाच वर्षांचा होता. शाळेच्या पहिल्याच मीटिंगमध्ये बाईंनी सांगितलं, घरी इंग्लिशच बोला म्हणजे तो पटकन रुळेल. आणि आम्ही ऐकलं. वर्षभर घरात मोडकंतोडकं इंग्लिश बोललो आणि त्याने मराठीत उत्तर देणं बंद केलं. त्या बाई वाईट नव्हत्या, प्रेमानेच सांगत होत्या, पण मी तेव्हा नाही का म्हटलं नाही हे अजून टोचतं. तुम्हाला कोणी असं सांगितलं तर हसून मान डोलवा आणि घरी मराठीच बोला, इंग्लिश काय, मुलं ते शाळेत आपोआप शिकतात.

तर त्या वर्षात घरात मराठी उरली ती रेडिओची. भारतात दुपारी बाराला जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागायचा, इथे उन्हाळ्यात साडेसात वाजलेले असायचे. तो बुटाची वेल्क्रो लावत बसायचा, आणि निवेदिका 'ऐकूया' म्हणाली की हा पण मागोमाग 'ऐकूया' म्हणायचा. तिकडे आईही तेच ऐकत असायची, मग तिचा फोन, आजचं दुसरं गाणं ऐकलंस का. ऑक्टोबरमध्ये इथली घड्याळं एक तास मागे जातात तेव्हा अंधारात साडेसहाला उठून लावायचे मी.

2020 मध्ये एका सकाळी स्टेशन लागलं नाही, हे तुमच्या देशात उपलब्ध नाही एवढीच ओळ आली. मी आईला सांगितलं नाही. चार महिने ती विचारायची ऐकलंस का आणि मी हो म्हणायचे. त्या वर्षी जाता-येता येत नव्हतं, आता हे पण गेलं असं मला तिला सांगवेना. शेवटी मुलानेच बोलून टाकलं, आजी, आमच्याकडे रेडिओ नाही लागत. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर तिने गाण्यांचं विचारणं बंद केलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

एकटेपणाचं विचाराल तर तो येतो, सगळ्यांना येतो, कामाला लागलात की कमी होतो.

निघायच्या आधी एक करा, इथे असलेल्या कोणालातरी तुमच्या आवडत्या स्टेशनच्या स्वतःच्या साइटवरून लावून बघायला सांगा. जे ट्यूनइनसारख्या यादीवाल्या अ‍ॅपवर बंद असतं ते तिथे कधी कधी चालतं, मग थेट लिंक व्हीएलसी प्लेयरमध्ये सेव्ह करून ठेवा. आकाशवाणीचं न्यूजऑनएअर अ‍ॅप बाहेरूनही ऐकता येतं, ते आधी टाका. महागडा नेट रेडिओ सेट लगेच घेऊ नका, बरेच सेट कुठल्यातरी यादीवरच चालतात, यादीतून स्टेशन गेलं की सेटवरून पण गेलं. व्हीपीएन, म्हणजे आपण दुसऱ्या देशात आहोत असं नेटला भासवणं, तेही मी करून पाहिलं, दर पाच मिनिटांनी आवाज तुटायचा, सकाळच्या गडबडीत ते जमत नाही.

आई मधे काही दिवस रेडिओजवळ फोन ठेवून व्हिडिओ कॉल लावायची. निवेदिका स्पष्ट ऐकू यायची आणि गाणं सुरू झालं की पाण्याखाली गेल्यासारखं विरघळायचं, कारण कॉलमध्ये माणसाचा आवाज ठेवून बाकीचं गोंगाट म्हणून कापलं जातं. झूममध्ये ओरिजिनल साउंड नावाचं सेटिंग आहे, ते चालू केलं की गाणं बऱ्यापैकी येतं. मला ते कळेपर्यंत आईने फोन रेडिओजवळ ठेवणं सोडलं होतं. तुम्ही घरच्यांच्या फोनवर ते आधीच करून, एकदा शेजारच्या खोलीतून कॉल लावून ऐकून बघा आणि मगच निघा.