वाचक विचारतात: वरातीतला सॅक्स आणि जॅझ

प्रश्न: सर, मी सोलापूरचा, वय 19. काकांच्या बँडमध्ये अल्टो सॅक्स (सॅक्सोफोन) वाजवतो, लग्नं, वराती, गणपती असलं सगळं. परवा पुण्यात जॅझवाल्यांसोबत वाजवायला बसलो न दोन मिनिटांत गाडी घसरली, लोक हसले. मला उशीर झालाय का? आणि नवीन सॅक्स घेऊ का, माझा लई जुना आहे.

उत्तर: हसले तर हसू दे बे, अमेरिकेतला जॅझचा दादा सॅक्सवाला चार्ली पार्कर, त्याच्या पायाशी तर झांज आदळली होती! 1936 साल, कॅन्सस सिटीतला रेनो क्लब, पोरगं जेमतेम सोळाचं, भरात आलेल्या मैफिलीत घुसलं न वाजवता वाजवता कॉर्ड (मागे चाललेले स्वरांचे गट) कुठल्या चालल्यात तेच सुटलं, तर ड्रमर जो जोन्सने सिंबलच काढून फेकला. पुढच्या उन्हाळ्यात हा ओझार्कच्या डोंगराळ भागात एका बँडसोबत कामाला गेला, न कामातून उरलेल्या वेळात लेस्टर यंग नावाच्या सॅक्सवाल्याच्या रेकॉर्डी ऐकून त्याचे सोलो, म्हणजे एकट्याने वाजवलेले तुकडे, जसेच्या तसे बसवले. परत आला तेव्हा वाजवणं पार बदललेलं. तीन-चार वर्षं रोज 11 ते 15 तास रियाज केला असं नंतर त्यानेच मुलाखतीत सांगितलंय.

मग जे मॅकशान नावाच्या पियानोवाल्याचा बँड, 1939 ला न्यूयॉर्क, तिथे हॉटेलात भांडी घासली, पण त्याच हॉटेलात आर्ट टेटमसारखा जॅझमधला दादा माणूस पियानो वाजवायचा, म्हणजे शिकवणी फुकटात.

त्यामुळे उशीर बिशीर काही झालेला नाही, न काकांचा बँड सोडू नको, रोज चार तास फुंकायला मिळतं न वर पैसे, असं कुठल्या क्लासमध्ये मिळणार? फक्त एकच सोलो घे, मोबाईलवर निम्म्या स्पीडला लाव, आधी तोंडाने म्हण, मग वाजव, मग तोच पांढरी एक, काळी एक करत बाराही पट्ट्यांत फिरव. तुझी गाडी बहुतेक तिथेच घसरली, कारण वरातीत दोन-तीन पट्ट्यांत भागून जातं.

(आणि नशेमुळे पार्कर तसा वाजवायचा असं सांगणारा कुणीतरी भेटेलच. 1955 मध्ये तो 34 व्या वर्षी गेला, एवढं त्याला सांग.)

नवा सॅक्स? 1953 ला टोरंटोच्या मॅसी हॉलमधल्या गाजलेल्या कार्यक्रमात पार्करच्या हातात प्लॅस्टिकचा सॅक्स होता. तू आधी सॅक्सची भोकं झाकणारे पॅड बदलून घे, हवा कुठून लीक होतेय बघ, नवीन रीड (तोंडाकडची पातळ काडी) टाक. लोन बिन काढू नको.